शेती-अनुदानाच्या याद्या : कोणाची नावे उघडी, कोणाची झाकलेली?

(मरोळ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

शेतकऱ्यांना सरकारी तिजोरीतून मिळणाऱ्या पैशाची चर्चा मरोळमध्ये कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर त्यात नवल नाही. ज्या गावठाणाभोवती एके काळी भाताची खाचरे होती, तेथे आज औद्योगिक वसाहत आहे, सीप्झ आहे, डोक्यावरून जाणारी विमाने आणि मेट्रोची स्थानके आहेत. सातबाऱ्याचा उतारा मागायला तलाठ्याकडे जाणारा मनुष्य येथे आता क्वचितच आढळेल. तरीसुद्धा हा विषय मरोळचा आहे. तो कसा, हे एका आकड्यापासून सांगता येईल.

जून २०१७ मध्ये पुणतांब्यापासून सुरू झालेल्या शेतकऱ्यांच्या संपानंतर राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाख रुपयांपर्यंतची थकबाकी माफ करावयाची आणि त्यासाठी ३४,०२२ कोटी रुपये खर्च करावयाचे, असे ठरले. जुलै महिन्यात लाभार्थींची जिल्हावार आकडेवारी प्रसिद्ध झाली. तीत बुलढाण्याचा आकडा अडीच लाखांच्या घरात होता, यवतमाळचा त्याच्या खालोखाल. आणि त्याच तक्त्यात मुंबई शहर जिल्ह्यापुढे ६९४ व मुंबई उपनगर जिल्ह्यापुढे ११९ असे आकडे होते. म्हणजे मुंबईत कर्जमाफीस पात्र असे ८१३ शेतकरी निघाले. वृत्तपत्रांनी त्याची यथेच्छ थट्टा केली. हे आकडे बँकांच्या राज्यस्तरीय समितीकडून आलेले आहेत, पडताळणी झाल्यावाचून कोणालाही पैसे मिळणार नाहीत, असा खुलासा सरकारने केला आणि चर्चा हळूहळू विरून गेली.

या ८१३ जणांवर लबाडीचा आरोप करणे न्याय्य नाही. अंधेरीच्या एखाद्या शाखेत खाते असलेल्या माणसाची जमीन पालघरला किंवा रायगडात असू शकेल. एखादा गिरणी कामगार संपानंतर गावी जाऊन शेतीला लागला असेल व त्याचे खाते मात्र मुंबईतच राहिले असेल. उलट, शेतीच्या नावावर कर्ज उचलून ते भलत्याच व्यवहारात घालणारा एखादा गृहस्थही त्यांत असू शकेल. यांपैकी कोण किती, हे त्या तक्त्यावरून समजत नव्हते, कारण तक्त्यात आकडा होता आणि नावे नव्हती. नुसता आकडा आरोप करणाऱ्याला पुरत नाही आणि खुलासा करणाऱ्यालाही पुरत नाही.

उपनगर जिल्ह्यात प्रत्यक्ष शेती करणारी माणसे शोधावयाची झाली तर फार लांब जावे लागत नाही. मरोळ-मरोशी रस्त्याने आरे दुग्ध वसाहतीत शिरले की आदिवासींचे पाडे लागतात. १९४९ साली ही वसाहत स्थापन झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून वारली कुटुंबे तेथे भात आणि भाजीपाला पिकवीत आली आहेत. यांतील बहुतेकांच्या नावे सातबारा नाही. मेट्रोच्या कारशेडसाठी प्रजापूरपाड्यावरील कुटुंबे हलविली गेली, तेव्हा कसत्या जमिनीचा हक्क सिद्ध करताना त्यांची काय दमछाक झाली, हे या भागातील कार्यकर्त्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. जमिनीची नोंद नाही म्हणून बँकेचे पीककर्ज नाही, कर्ज नाही म्हणून माफी नाही, आणि नोंदच नसल्यामुळे वर्षाचे ६,००० रुपयेही नाहीत. ज्या जिल्ह्यात ११९ शेतकरी निघाले त्याच जिल्ह्यातील नांगरधारी माणूस कोणत्याही यादीत नसतो.

गावाकडील चित्र याहून अगदी निराळे आहे. तेथे नावांची वाण नाही. २०१७ च्या योजनेत अर्ज करताना पती-पत्नी दोघांनी आधार क्रमांक घेऊन केंद्रावर रांगेत उभे राहावयाचे होते. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये गावोगाव या अर्जांचे चावडी-वाचन झाले. कोणी किती कर्ज घेतले, किती थकविले, हे साऱ्या गावासमोर मोठ्याने वाचले गेले. पुढे महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेची पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी निघाली. ६८ गावांतील १५,३५८ नावे तीत होती आणि यादी ग्रामपंचायतीत व बँकेच्या शाखेत लावली गेली. त्याआधी केंद्राच्या २००८ च्या योजनेतही शाखेच्या व सोसायटीच्या फलकावर ३० जूनपर्यंत यादी लावण्याचा नियम होताच. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीच्या लाभार्थींची गाववार यादी कोणालाही संकेतस्थळावर पाहता येते.

ही पद्धत चांगली की वाईट? समाजवादी कार्यकर्त्याने या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये. सरकारी पैसा कोणाला मिळाला हे गावाला कळले पाहिजे, हे तत्त्व निःसंशय बरोबर आहे. १९९४-९५ च्या सुमारास राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने ज्या जनसुनावण्या घेतल्या, त्यांत दुष्काळी कामांचे मस्टर रोल गावासमोर वाचले गेले. कामावर कधी न गेलेल्यांची, इतकेच नव्हे तर मेलेल्या माणसांचीही नावे त्यांत निघाली. त्या वाचनातून माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली. परंतु तेथील वाचन आणि २०१७ चे चावडी-वाचन यांत एक मूलभूत फरक आहे. राजस्थानात मजूर विचारीत होते आणि उत्तर द्यावयाचे होते ते सरपंचाने, ग्रामसेवकाने व अभियंत्याने. येथे सरकार विचारीत होते आणि मान खाली घालून उभा होता तो कर्जबाजारी शेतकरी. ज्या राज्यात सावकाराच्या व सोसायटीच्या तगाद्याने माणसे जीव देतात, तेथे थकबाकीचा पाढा चावडीवर वाचणे याला उघडा कारभार म्हणता येत नाही. अनुदानाची रक्कम ही सार्वजनिक बाब आहे. माणसाचे कर्ज ही त्याच्या घरातील अडचण आहे. या दोहोंमधील सीमारेषा सरकारने पाहिली नाही, आणि खेदाची गोष्ट अशी की विरोधी पक्षांनीही तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही.

आता याद्या लावूनही काय साधले, हे पाहावे. २००८ च्या कर्जमाफीत सुमारे ५२,५०० कोटी रुपये वाटले गेले. महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये संसदेला सादर केलेल्या अहवालात ९०,५७६ खात्यांच्या तपासणीचे निष्कर्ष आहेत. त्यांपैकी २२ टक्क्यांहून अधिक खात्यांत काही ना काही चूक किंवा गैरप्रकार आढळला. या अहवालाची चर्चा करताना वृत्तपत्रांनी मुख्यतः अपात्रांना मिळालेल्या पैशावर बोट ठेवले. माफी मिळालेली जी ८०,२९९ खाती तपासली गेली त्यांत अपात्र निघाली ती साडेआठ टक्के. परंतु दुसरा आकडा अधिक बोलका आहे. ज्यांना माफी दिली गेली नव्हती अशी ९,३३४ खाती नऊ राज्यांतून तपासली गेली, तेव्हा त्यांतील १,२५७ खाती, म्हणजे साडेतेरा टक्के, पात्र असूनही वगळलेली निघाली. म्हणजे लबाडाला मिळाले त्यापेक्षा हक्कदाराला नाकारले गेल्याचे प्रमाण मोठे. शिवाय प्रमाणपत्रे दिल्याचा पुरावा जेथे तपासला, तेथे सुमारे ३४ टक्के खात्यांत तो मिळालाच नाही. कर्ज माफ झाल्याचा कागदच हाती नसेल, तर पुढच्या हंगामात सोसायटीच्या दारात शेतकऱ्याने काय दाखवावे?

याच अहवालात आणखी एक नोंद आहे. एका खाजगी शेड्यूल्ड बँकेने सूक्ष्म वित्त संस्थांना दिलेल्या कर्जापोटी १६४.६० कोटी रुपयांची भरपाई या योजनेतून मिळविली, आणि ती नियमाविरुद्ध होती. शेतकऱ्याच्या नावाची यादी फलकावर आणि त्याच योजनेतील दीडशे कोटींवरची रक्कम लेखापरीक्षणाच्या जाड अहवालातील एका परिच्छेदात, अशी ही वाटणी आहे.

किसान सन्मान निधीचा अनुभव याच वळणाचा आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ही योजना सुरू झाली. आयकर भरणारे, आमदार-खासदार, मोठे निवृत्तिवेतन घेणारे, डॉक्टर, वकील यांना तीतून वगळले आहे. माहितीच्या अधिकारात व्यंकटेश नायक यांनी मिळविलेल्या व जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार २०.४८ लाख अपात्रांना १,३६४ कोटी रुपये दिले गेले होते. त्यांत निम्म्याहून अधिक आयकरदाते होते, आणि पंजाब व आसाम यांच्या पाठोपाठ महाराष्ट्राचा क्रमांक होता. त्यानंतर तहसीलदारांच्या नोटिसा निघाल्या, वसुली सुरू झाली. नोकरीसाठी मुंबईत आलेल्या आणि गावच्या सातबाऱ्यावर नाव असलेल्या अनेकांच्या घरी त्या पोहोचल्या. नियम मोडला असेल तर पैसे परत घ्यावेत, याबद्दल वाद नाही. परंतु सरकारी यंत्रणेची ही तत्परता किती रकमेपाशी सुरू होते आणि किती रकमेपाशी संपते, हे तपासण्यासारखे आहे.

येथे पुन्हा मुंबईकडे यावे लागते. या देशात शेतीसाठी म्हणून जे कर्ज बँका देतात त्याचा मोठा भाग शेताच्या बांधापर्यंत जातच नाही. शेती-कर्जाची जी वाढ २००० नंतर झाली, तिच्यात महानगरांतील शाखांचा आणि मोठ्या रकमेच्या खात्यांचा वाटा केवढा होता, हे आर. रामकुमार व पल्लवी चव्हाण या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. मोठे गोदाम, शीतगृह, अन्नप्रक्रियेचा कारखाना, यांची कर्जेही शेती-कर्जात धरली जातात. एप्रिल २०१५ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी अन्नप्रक्रियेसाठी ही मर्यादा एका कर्जदारास १०० कोटी रुपये केली. रिझर्व्ह बँकेकडूनच माहितीच्या अधिकारात बाहेर आलेला आकडा असा की २०१६ साली सरकारी बँकांनी ६१५ खात्यांना ५८,५६१ कोटी रुपयांचे शेती-कर्ज दिले. सरासरी काढली तर एका खात्यास ९५ कोटी रुपये पडतात. या खात्यांना कर्जमाफी मिळत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण शेतीच्या वाट्याचे म्हणून राखलेले कर्ज त्यांनी व्यापले आणि तेवढ्या प्रमाणात लहान शेतकरी सावकाराच्या दारी गेला. ही ६१५ नावे कोणत्या चावडीवर वाचली गेली? बँकेची गोपनीयता म्हणून ती झाकलेली राहतात. दीड लाखाच्या थकबाकीदाराला जी गोपनीयता मिळाली नाही, ती ९५ कोटींच्या ऋणकोला सहज मिळते.

खतांच्या अनुदानाचेही तसेच. २०२२-२३ मध्ये केंद्राने खतांवर सुमारे अडीच लाख कोटी रुपये खर्च केले. किसान सन्मान निधीचा वार्षिक खर्च साठ हजार कोटींच्या आसपास आहे, म्हणजे त्याच्या चौपट रक्कम झाली. अर्थसंकल्पावरील भाषणांत ही सारी रक्कम शेतकऱ्याच्या नावावर मांडली जाते. पैसे मात्र खत कंपन्यांच्या खात्यावर जमा होतात. त्यामुळे खत स्वस्त मिळते, हे खरे. पण मग गावच्या फलकावर लाभार्थी म्हणून त्या कंपन्यांची नावे व रकमाही लावावयास हव्यात.

परदेशांत हा प्रश्न कसा हाताळला गेला हे पाहणे उद्बोधक आहे. ब्रिटनमध्ये माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा जानेवारी २००५ मध्ये अमलात आला आणि मार्चमध्येच शेती-अनुदानाची यादी उघड झाली. तीत टेट अँड लाइल ही साखर कंपनी होती, बडे उमराव होते आणि खुद्द राणीही होती. गरीब शेतकऱ्याला जगविण्यासाठी म्हणून सांगितलेला पैसा कोठे जातो, हे तेथील मजुरांना प्रथमच कळले. अमेरिकेत एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने २००१ साली प्रत्येक अनुदानधारकाचे नाव खुले केले, तेव्हा यादीत अब्जाधीश उद्योगपती आणि बास्केटबॉलपटूही निघाले. पुढे युरोपीय संघाने अशा याद्या सर्व सदस्य देशांना बंधनकारक केल्या. त्याविरुद्ध जर्मनीच्या हेसे प्रांतातील दोन अनुदानधारक न्यायालयात गेले. ९ नोव्हेंबर २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, रकमेचा काही विचार न करता सरसकट सर्व व्यक्तींची नावे छापणे हा खाजगी जीवनावरील प्रमाणाबाहेरचा आघात आहे. तेव्हा तेथील कायदेकारांनी यादी गुंडाळून ठेवली नाही. २०१३ च्या नियमाने नावे पुन्हा खुली झाली, परंतु वर्षाला साधारण १,२५० युरोपर्यंतचे अल्प अनुदान घेणाऱ्याचे नाव छापावयाचे नाही, असे ठरले.

साथींनो, या तपशिलावर थोडे थांबावे. तेथे लहानाचे नाव झाकले जाते आणि मोठ्याचे उघडे राहते. येथे ६,००० रुपयांचे नाव जगाला दिसते आणि कोट्यवधींचे नाव विचारले तर अर्ज फेटाळला जातो. युरोपातील शेती-अनुदानाची पद्धत आदर्श आहे असे मुळीच नाही, ती मोठ्या जमीनदाराला धार्जिणीच आहे. पण कोणाच्या खाजगीपणाची कदर करावयाची, याचा क्रम तेथे निदान सरळ लावला गेला.

चळवळीतील काही मंडळींची या मागणीवर एक प्रामाणिक हरकत असते. नावे आणि रकमा खुल्या केल्या की शहरी मध्यमवर्गाच्या हाती आयते कोलीत मिळेल, शेतकरी करदात्याच्या जिवावर जगतो असा ओरडा होईल, आणि अखेर अनुदानच कापले जाईल, असे ती म्हणतात. ही भीती निराधार नाही. तसा ओरडा होतोच. परंतु तो याद्या नसल्यामुळे होतो, असल्यामुळे नव्हे. नावांशिवाय नुसता लाख कोटींचा आकडा समोर आला की तो प्रत्येक शेतकऱ्याच्या माथी मारता येतो. यादी समोर आली की कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरात महिना पाचशे रुपये पडतात हेही दिसते. शेतमालाचे भाव पाडून शेतकऱ्याकडून जे काढून घेतले जाते ते अनुदानापेक्षा अधिक आहे, असे शरद जोशी सांगत असत. त्यांचे खुल्या बाजाराचे निष्कर्ष समाजवाद्यांनी स्वीकारले नाहीत, आणि ते योग्यच होते. पण तो हिशेब खोटा नव्हता. तो मांडायचा तर देण्याची बाजूही पैशापैशाने उघडी असली पाहिजे.

समाजवाद्यांवर ही जबाबदारी अधिक आहे. १९९० साली दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जमाफी आली, तेव्हा अर्थमंत्रिपदावर मधु दंडवते होते. त्यांच्या सचोटीविषयी शत्रूनेही शंका घेतली नाही. पण योजना सचोटीच्या मंत्र्याची असली तरी शाखेतील नोंदवही सचोटीनेच भरली जाईल, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून रोजगार हमी आली. तिच्यासाठी १९७५ च्या कायद्याने शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसला. मरोळच्या कारखान्यातील कामगाराच्या पगारपत्रकावर ही कपात दिसते. खेड्यातील मजुरासाठी शहरातील कामगाराने द्यावे, या विचाराला त्या वेळी चळवळीने मनापासून पाठिंबा दिला. ज्याच्या पगारातून पैसा कापला जातो त्याला तो कोठे गेला हे विचारण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क वापरल्याने त्याचे खेड्याशी असलेले नाते तुटत नाही.

आता कायद्याकडे यावे, कारण खरी निकड तेथे आहे. माहितीचा अधिकार कायदा, २००५ याच्या कलम ४ (१) (ख) मधील बाराव्या बाबीनुसार अनुदान योजनांच्या रकमा व लाभार्थींचा तपशील प्रत्येक कार्यालयाने कोणी न मागता प्रसिद्ध करावयाचा आहे. ही तरतूद कायम आहे. पण त्याच कायद्याचे कलम ८ (१) (ञ) बदलले गेले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारण्यापूर्वी तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे काय, व्यापक जनहित आहे काय, हे अधिकाऱ्याने पाहावयाचे होते. जी माहिती संसदेला वा विधानमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्तीही तेथे होती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याच्या कलम ४४ (३) ने हे सारे काढून टाकले. हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. आता माहिती वैयक्तिक आहे, एवढे म्हणणे नकारास पुरते. कलम ८ (२) मधील जनहिताची वाट उरली आहे, परंतु तेथे पटवून देण्याचे ओझे व्यवहारात अर्जदारावरच येऊन पडते.

या बदलाचा तडाखा कोणाला बसेल, याची कल्पना आधीच्या अनुभवावरून येते. फलकावरील गरिबाचे नाव या कायद्यामुळे खाली उतरेल असे समजण्याचे कारण नाही. तो फलक सरकारला स्वतःच्या प्रसिद्धीसाठी हवाच असतो. अडचण होईल ती त्या फलकावर नसलेले नाव विचारणाऱ्याची. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरच्या आंदोलनानंतर कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेण्याचे राज्य सरकारने जाहीर केले होते. या वा पुढच्या कोणत्याही माफीची यादी मागताना हाच नकार समोर येणार आहे.

म्हणून मागणी नेमकी असावी. लाभार्थीचे नाव, गाव, योजना आणि मिळालेली रक्कम खुली असावी. आधार क्रमांक, बँक खाते, दूरध्वनी आणि उरलेल्या कर्जाचा तपशील कोणालाही दिसू नये. वर्षाला ठरावीक लहान रकमेच्या आतील नावे संकेतस्थळावर न टाकता ग्रामसभेच्या नोंदवहीत ठेवावीत. त्या रकमेवरील प्रत्येक नाव, मग ते शेतकऱ्याचे असो, साखर कारखान्याचे असो की बँकेचे, सर्वांना दिसावे. ज्यांचा अर्ज नाकारला गेला त्यांच्या हाती नकाराचे कारण लेखी पडावे. महालेखापरीक्षकांना जी साडेतेरा टक्के खाती सापडली, ती अशा एका ओळीच्या कागदाने कदाचित वेळीच सापडली असती.

आणि मरोळपुरते एक काम लगेच हाती घेण्याजोगे आहे. उपनगर जिल्ह्याच्या ११९ शेतकऱ्यांचे पुढे काय झाले, हे विचारावे. राज्यस्तरीय बँकर समितीचे निमंत्रकपद बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे. जिल्हाधिकारी कार्यालय वांद्र्याला आहे. दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज जावेत. पहिल्याच अर्जात नावे मागण्याचा आग्रह धरू नये, तो नव्या कलमाखाली तत्काळ फेटाळला जाईल. पडताळणीनंतर ११९ पैकी किती पात्र ठरले, कोणत्या शाखांतून एकूण किती रक्कम माफ झाली आणि त्यांची तारण जमीन कोणत्या तालुक्यांत आहे, एवढेच विचारावे, कारण यांतील एकही बाब वैयक्तिक नाही. नावांसाठी दुसरा अर्ज कलम ४ (१) (ख) चा आणि कलम ८ (२) चा स्पष्ट उल्लेख करून करावा. पाड्यांवरील किती कुटुंबांचे वनहक्काचे दावे दाखल आहेत व किती मंजूर झाले, हाही प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांकडील अर्जात घालावा. वनहक्काचा पट्टा मिळालेले कुटुंब किसान सन्मान निधीस पात्र ठरते, ही गोष्ट पाड्यावर जाऊन सांगण्याचे कामही त्याबरोबर करता येईल. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. ते न आल्यास पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करावयाचे असते. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क लागत नाही, तेव्हा तो अर्ज पाड्यावरील एखाद्या कुटुंबानेच केला तर अधिक बरे.